हिवाळ्यातला फॉक्सग्लोव्ह : जपा, पण ओळखून!

मैत्रिणींनो, 'परसात काहीतरी हिरवं हवं' ही खोड आपण बायका माहेराहूनच घेऊन येतो. साताऱ्याला आमच्या घरामागे अळू होतं, कर्दळ होती, ओव्याचा मोठा ताटवा होता. लग्नानंतर पुण्याच्या दोन खोल्यांत आले, तर गॅलरीत चार डबे लावून त्यांत तुळस, गवती चहा नि ओवा लावला. २०१९ साली ह्यांच्या नोकरीपायी आम्ही इंग्लंडात बर्मिंगहॅमला आलो. इथल्या भाड्याच्या घराला मागे सतरंजीएवढं अंगण आहे. ते पाहून मला जो आनंद झाला, तो स्वयंपाकघरातल्या चार शेगड्या पाहूनही झाला नव्हता!

ह्या अंगणात मी जी झाडं लावली, त्यांत एक म्हणजे फॉक्सग्लोव्ह. इथे ते रानोमाळ उगवतं, रेल्वेच्या कडेला दिसतं, आणि घरोघरी हौसेनं लावलंही जातं. पुरुषभर उंच दांडा, त्यावर खालपासून वरपर्यंत लोंबणाऱ्या जांभळ्या-गुलाबी घंटा, नि प्रत्येक घंटेच्या आत गडद ठिपके. शिंपी बोटात अंगुस्तान घालतो ना, अगदी तशी फुलं. १५४२ साली लिओनहार्ट फुक्स नावाच्या जर्मन वैद्यानं ह्या झाडाला 'डिजिटॅलिस' हे शास्त्रीय नाव दिलं, तेही अंगुस्तानावरूनच. त्यांच्या भाषेत ह्या फुलाला अंगुस्तानच म्हणतात.

तुम्ही म्हणाल, "बाई गं, तुझं हे विलायती झाड आम्हाला काय कामाचं?" खरं आहे. आपल्याकडचा उन्हाळा त्याला सोसायचा नाही. काश्मीर, दार्जिलिंग, निलगिरी अशा थंड डोंगराळ मुलखात औषधासाठी त्याची लागवड झालेली आहे, पण पुण्या-नागपुराकडे ते रमणारं नव्हे. मात्र आज कोणाची लेक, कोणाची बहीण, कोणाची नणंद अशा थंड देशांत संसार करते आहे. तिथे अंगण असलं की हे झाड कधी ना कधी दारात येतंच. आणि लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला तुम्ही तिथे गेलात, की स्वयंपाकघराचा नि परसाचा ताबा तुमच्याकडे! म्हणून हे लिहिते आहे. शिवाय ह्यातला एक धडा आपल्या कण्हेरीलाही लागू आहे. तो शेवटी सांगेन.

पहिलं वर्ष पानांचं, दुसरं फुलांचं

२०२२ च्या सप्टेंबरात शेजारच्या आजींनी कुंपणावरून मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा रोपं दिली. त्यांच्या बागेत बी पडून आपोआप आलेली. त्या वेळी मला सातवा महिना होता, त्यामुळे खड्डे ह्यांनी खणले आणि सूचना मी दिल्या.

आजींनी सांगितलं ते असं. हे झाड दोन वर्षांचं सोबती. पहिल्या वर्षी नुसती पानं येतात. तीही वर न चढता जमिनीलगत गोल पसरतात, मुळ्याच्या पाल्यासारखी. त्या वर्षी फूल शोधू नका. मग हिवाळा येतो. ह्या हिवाळ्यात झाड थंडी खातं, आणि ती थंडी मिळाली म्हणजेच दुसऱ्या वर्षी फुलाचा दांडा वर येतो. जूनच्या सुमाराला फुलं, ऑगस्टच्या सुमाराला बी, आणि बहुधा तिथेच त्याचा कारभार संपतो. पण जाताना हजारोंनी बी टाकून जातं.

म्हणजे थंडी हा ह्या झाडाचा शत्रू नव्हे, ती त्याची गरज आहे! आपल्याला थंडी वाजते म्हणून त्यालाही वाजत असेल असं मानून रोप घरात आणलं, ऊबदार ठेवलं, तर दुसऱ्या वर्षीही नुसती पानंच मिळण्याची भीती.

आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. "हे झाड विषारी आहे. हातमोजे घालून काम कर, आणि मुलीला हात लावू देऊ नकोस." मी माझ्या पाच वर्षांच्या लेकीला त्याच संध्याकाळी बजावून सांगितलं. आणि इथेच माझी चूक झाली.

ती भज्यांची संध्याकाळ

ऑक्टोबरात सासूबाई आल्या. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यामुळे डॉक्टरांची परवानगी घेऊन, औषधांची भलीमोठी पिशवी घेऊन आल्या. नोव्हेंबरात धाकटा झाला. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल-शेक, सगळं त्यांनी इतक्या मायेनं केलं की मला आईची आठवण येऊ दिली नाही.

बाळ पंधरा दिवसांचं झालं असेल. बाहेर चार वाजताच काळोख, पाऊस पिरपिरतोय. हे कामावरून यायचे होते. मी माडीवर बाळाला पाजत होते. खालून फोडणीच्या कढईचा आवाज आला, म्हणून पाणी प्यायला उतरले. पाहते तर ओट्यावर डाळीचं पीठ भिजवून तयार, आणि चाळणीत धुऊन निथळत ठेवलेली आठ-दहा पानं. लवदार, जाडसर, शिरा उठून दिसणारी.

"अगं, तुमच्या मागे ओवा एवढा माजलाय आणि कोणी हात लावत नाही! जात जरा वेगळी दिसते, वास नाही फारसा. पण भजी फर्मास होतील. त्याला आवडतात ना!"

मैत्रिणींनो, माझे पाय जागच्या जागी लटपटले. मी काही न बोलता गॅस बंद केला. मग विचारलं, "आई, तुम्ही कच्चं पान चावून पाहिलंत का?" त्या म्हणाल्या, "नाही बाई. का?" तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पानं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. चाळणी, सुरी, ओटा साबणानं धुतला. त्यांचे हात धुववले. तयार पीठ फेकून दिलं. सासूबाईंना अर्थातच राग आला. "एवढं पीठ फुकट! आम्ही काय पाला ओळखत नाही?" मी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या, आणि जरा वेळानं एवढंच म्हणाल्या, "पोरीला सांगितलंस, मला सांगायचं राहिलं होय गं?"

ते वाक्य मला अजून बोचतं. मोठ्या माणसांना काय सांगायचं, त्यांना वाईट वाटेल, ह्या भिडेपायी मी गप्प राहिले होते. पाच वर्षांच्या पोरीला जे कळायला हवं, ते स्वयंपाक करणाऱ्या बाईला तर आधी कळायला हवं! वयाचा मान ठेवायचा म्हणजे माहिती लपवायची नव्हे, हे मी त्या दिवशी शिकले.

गोळी आणि पान

ह्या गोष्टीला आणखी एक धार होती. सासूबाई रोज जी छोटीशी गोळी घेतात, तिचं नाव डिगॉक्सिन. त्यांच्या डॉक्टरांनी ती आठवड्यातून पाचच दिवस घ्यायला सांगितली आहे, म्हणून आमच्या घरात तिला 'सुट्टीवाली गोळी' म्हणतात. हे औषध फॉक्सग्लोव्हच्याच एका भावंडापासून, लोकरीसारख्या लवेच्या डिजिटॅलिसपासून काढतात. १९३० साली सिडनी स्मिथ नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं ते पहिल्यांदा वेगळं केलं. नेहमीच्या एका गोळीत औषध किती, तर ०.२५ मिलिग्रॅम. म्हणजे एका मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा! आपल्या स्वयंपाकघरातल्या कुठल्याही मापात न येणारी गोष्ट. एवढ्याशा औषधानं ठोके ताळ्यावर येतात, आणि थोडं जास्त झालं तर तेच ठोके बिघडतात. ज्या बाईच्या अंगात हे औषध आधीच आहे, तिनं वर त्याच कुळातल्या झाडाच्या पानांची भजी खाल्ली असती तर? मला विचारही करवत नाही.

योगायोग असा, की ह्या पानाला डॉक्टरी पुस्तकात मानाची जागा मिळाली ती ह्याच बर्मिंगहॅमच्या एका वैद्यामुळे. विल्यम विदरिंग त्यांचं नाव. १७७५ साली त्यांच्याकडे एक घरगुती पाठ मतासाठी आला. शेजारच्या श्रॉपशर परगण्यातल्या एका म्हातारीनं तो गुप्त ठेवलेला होता. अंगावर सूज येऊन पाणी भरलेली माणसं, ज्यांना मोठ्या वैद्यांकडून गुण आला नव्हता, ती ह्या औषधानं कधीकधी बरी होत. त्यात वीसेक पाले होते. विदरिंगना वनस्पतींची जाण होती. त्यांनी ओळखलं की काम करणारा पाला एकच, फॉक्सग्लोव्ह. मग दहा वर्षं रोग्यांवर वापरून, मात्रा कमी-जास्त करून, गुणदोष टिपून १७८५ साली त्यांनी पुस्तक लिहिलं. पानाचा जोर ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो, हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं, म्हणून पानं फुलोऱ्याच्या वेळीच खुडावीत असा त्यांचा आग्रह असे. त्या म्हातारीचं नाव मात्र त्या पुस्तकात नाही!

आपल्याकडच्या वनौषधींच्या पुस्तकांत ह्या झाडाला 'हृत्पत्री' असं सुरेख नाव दिलेलं आढळतं. पण नाव सुरेख असलं तरी घरगुती औषध म्हणून ह्याचा काढा, चहा, लेप काहीही करू नका. दहा वर्षं घासून विदरिंगना जे माप सापडलं, ते आपल्या चमचा-वाटीत सापडायचं नाही. आणि पान वाळवलं, उकळलं, तळलं तरी विष जात नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

हिवाळ्यात काय करावं?

आता मुख्य विषय. हे वाचून "नकोच ते झाड" असं म्हणू नका हं! नीट ओळख ठेवली, तर हे झाड फार गुणाचं आहे, आणि हिवाळ्यात तर अगदी कमी मागणं मागणारं आहे. इंग्लंडातल्या हवेप्रमाणे क्रम असा :

१. रोपं सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला जमिनीत लावून टाकावीत, म्हणजे थंडीआधी मुळं धरतात. दोन रोपांत हात-दीड हात, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावं. अर्धी सावली चालते. भाजीच्या वाफ्यात किंवा त्याच्या शेजारी मात्र लावू नयेत. ही माझी अनुभवाची सूचना!

२. जमीन ओलसर असावी, पण पाणी साचणारी नसावी. ह्या झाडाला थंडी मारत नाही, साचलेलं पाणी मारतं. थंडीत माती चिकट होते, मुळांशी पाणी राहतं आणि मधला गाभा कुजतो. माती भारी असेल तर लावतानाच कुजलेल्या पानांचं खत भरपूर मिसळावं, आणि रोप जरा उंचवट्यावर लावावं.

३. पालापाचोळ्याचं आच्छादन घालायचं तर रोपाच्या भोवती घालावं, रोपावर नाही. पानांचा घेर नि मधला कोंब उघडा, हवेशीर राहायला हवा. शेजारच्या मोठ्या झाडाची ओली पानं त्यावर पडून चिकटली, तर आठवड्यातून एकदा अलगद उचलावीत.

४. खालची पानं पिवळी पडतात, बुळबुळीत होतात. तेवढीच काढावीत. हिरवी पानं ओरबाडून 'साफसफाई' करू नये. ती पानं म्हणजे झाडाची शिदोरी असते.

५. कडाक्याची थंडी पडून गेली की एक फेरी मारावी. माती गोठते नि सुटते, त्यात लहान रोपं मुळासकट वर उचलली जातात. तशी दिसली तर बोटांनी दाबून परत बसवावीत.

६. पाऊस असतोच, त्यामुळे जमिनीतल्या रोपांना वेगळं पाणी नको. खतही नको. मार्चमध्ये नवी पानं फुटू लागली की मूठभर कुजलेलं खत भोवती घातलं, की झालं.

७. कोवळ्या रोपांना बिनशंखाच्या गोगलगाई खातात. सौम्य, ओल्या रात्री बॅटरी घेऊन वेचून काढाव्यात. आमच्या घरी हे काम ह्यांच्याकडे आहे.

८. प्रत्येक वेळी हातमोजे घालावेत, काम झाल्यावर हात धुवावेत. पानांच्या लवेनं काहींच्या कातडीला खाजही येते.

कुंडीत रोप असेल तर जरा अधिक लक्ष हवं, कारण कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी थंडी लागते. कुंडी घराच्या भिंतीशी सरकवावी. खाली दोन-तीन विटांचे तुकडे ठेवून ती उचललेली ठेवावी, म्हणजे भोक बुजत नाही. फार थंडी असेल तर कुंडीभोवती जुनं गोणपाट गुंडाळावं, पण ते कुंडीला, पानांना नव्हे. वरची माती बोटाला कोरडी लागली, तरच थोडं पाणी घालावं, तेही सकाळी. आणि थंडी मानवेल ना, अशी शंका येऊन कुंडी घरात आणू नये.

मेल्यासारखं दिसलं तरी उपटू नका

त्या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इथे सलग कडक थंडी पडली. पारा शून्याखाली. सकाळी उठून पाहावं तर अंगण पिठी साखर भुरभुरल्यासारखं पांढरं. फॉक्सग्लोव्हची पानं जमिनीवर लोळत होती, काळपट, लुळी. भाजी शिजवून टाकावी तशी. आधीच त्या भज्यांच्या प्रसंगानं माझं मन त्या झाडावरून उडालं होतं. म्हटलं, बरंच झालं, मेलं एकदाचं. थंडी ओसरली की उपटून टाकू.

सासूबाई खिडकीशी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "उपटू नको. हळदीचा पाला वाळला म्हणून आपण हळद मेली म्हणतो का? आत काय आहे ते त्याचं त्याला माहीत. राहू दे."

आणि त्यांचं खरं ठरलं. थंडी उतरताच पानं पुन्हा ताठ होऊ लागली. शेजारच्या आजी म्हणाल्या, गोठलेल्या सकाळी ही पानं अशीच लोळतात, त्यावरून झाडाची परीक्षा करायची नसते. बर्फ पडलं तरी झाडून काढायची घाई नको, ती त्याची दुलईच असते. झाड मेलं की जगलं हे पाहायचं तर मधल्या कोंबाला हलकेच बोट लावून पाहावं. तो घट्ट असेल तर झाड जिवंत. मऊ, कुजका लागला तरच ते गेलं असं समजावं. आमच्या सहा रोपांपैकी एकच गेलं. ते पागोळीखाली लावलेलं होतं नि त्याच्या मुळाशी पाणी साचत होतं.

म्हणजे पाहा, ह्या झाडाचा हिवाळ्यात दोन प्रकारे घात होतो. कोणी त्याला तण किंवा मेलेलं समजून उपटतं, आणि कोणी पालेभाजी समजून खुडतं. दोन्हींचं मूळ एकच. फूल नसताना आपण त्याला ओळखत नाही!

म्हणून ओळखीच्या खुणा सांगते. पान वरून हिरवं, खालून करडं, दोन्हीकडून मऊ लवेचं. शिरांची जाळी उठावदार. कडेला बारीक दाते. आणि पानाचा पातळ काठ देठावर पंखासारखा खाली उतरत गेलेला. इथे 'कॉम्फ्रे' नावाची एक वनस्पती आहे, तिची पानं साधारण अशीच दिसतात आणि त्या दोन्हींत घोटाळा होऊन विषबाधा झालेल्या आहेत. कॉम्फ्रेचं पान खरखरीत असतं, कडेला दाते नसतात. पण ह्या खुणा झाड जपण्यासाठी वापरा, खाण्यासाठी नव्हे. खाण्याच्या बाबतीत नियम एकच : आपण स्वतः लावलेलं नसेल, किंवा खात्रीच्या दुकानातून आणलेलं नसेल, ते पान कढईत जाता कामा नये.

आणखी एक गंमत. छोट्या रोपाच्या देठावर जांभळट झाक असेल तर फूल बहुधा जांभळं-गुलाबी येतं. देठ नुसता हिरवा असेल तर पांढरं किंवा फिकट. त्यामुळे रंग वाटून लावायचे असतील तर हिवाळ्यातच निवडता येतात.

चुकून खाल्लंच तर?

मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब, चक्कर, डोळ्यांपुढे पिवळट दिसणं, नाडी मंद किंवा वेडीवाकडी चालणं, ही लक्षणं. पण लक्षणांची वाट पाहू नये. इंग्लंडात ९९९, आपल्याकडे १०८ किंवा ११२ ला लगेच फोन करावा. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय करू नये. खाल्लेल्या पानाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्यावा, आणि रोगी हृदयाची कोणती औषधं घेतो ते डॉक्टरांना आधी सांगावं. फुलं फुलदाणीत ठेवलीत तर मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा, नि त्यातलं पाणी स्वतः ओतून टाका.

आणि आपली कण्हेर

सुरुवातीला म्हटलं होतं तो धडा आता सांगते. "विलायती झाडं मेली विषारीच" असं म्हणून हा अंक बाजूला ठेवू नका! आपल्या दारातली लाल-पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, ह्या दोन्हींत हृदयावर तशाच तऱ्हेनं काम करणारं विष आहे. बिट्टीच्या बियांनी मुलं खेळतात, पाच खड्यांसारख्या झेलतात. आपण देवाला फुलं वाहतो, तेव्हा झाडावर राग नाही. पण मुलांना, घरात कामाला येणाऱ्या मावशींना, नव्यानं राहायला आलेल्या शेजारणीला, आणि हो, गावाहून आलेल्या सासू-सासऱ्यांनाही एकदा स्पष्ट सांगून ठेवा. सांगितल्यानं कोणी दुखावत नाही. न सांगितल्यानं काय झालं असतं, ते मी पाहिलं आहे.

सासूबाई मार्चमध्ये परत गेल्या. जाण्याआधी त्यांनी एक काम केलं. मी शनिवारी इथल्या मुलांना मराठी शिकवते, त्या वर्गासाठी आणलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या त्यांनी मागून घेतल्या नि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'फॉक्सग्लोव्ह. विषारी. खाऊ नये. उपटू नये.' प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येक रोपाशी एकेक पट्टी रोवली. खाली इंग्रजीत माझ्या लेकीनं लिहिलं. आता अंगणात येणाऱ्या कोणत्याही वयाच्या माणसाला तोंडी सांगायची गरज राहिली नाही, तरी मी सांगतेच.

जूनमध्ये पाच दांडे वर आले. खालची फुलं आधी उमलतात, मग वरची. सकाळभर गलेलठ्ठ केसाळ भुंगे त्या घंटांत शिरत, ठिपक्यांच्या वाटेनं आत जाऊन पाठीवर पराग घेऊन बाहेर येत. मी धाकट्याला कडेवर घेऊन, जरा लांबूनच, फोनवर सासूबाईंना ते दृश्य दाखवलं. त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "अगंबाई, ह्याची मी भजी करणार होते!"

आम्ही दोघीही हसलो. मग त्यांनी विचारलं, "बी धरलं की थोडं ठेव हो. फार नको."

एका दांड्याचं बी मी ठेवलं, बाकीचे फुलं सरताच कापून टाकले, म्हणजे अंगणभर रान माजत नाही. बी मोहरीहूनही बारीक असतं. जून-जुलैत ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. सप्टेंबरात रोपं तयार. पुन्हा एक हिवाळा, पुन्हा ती लुळी पडलेली पानं, आणि पुन्हा धीर धरायचा.

तुमच्या लेकीच्या, बहिणीच्या अंगणात असं लवदार पानांचं गोल चक्र हिवाळ्यात दिसलं, तर आधी तिला विचारा, "हे काय गं?" तिला माहीत नसेल तर दोघी मिळून शोधून काढा. आणि झाडाशी एक पट्टी लावून द्या, मोठ्या अक्षरात, मराठीत.